आधी दूध, मग पाहुणा

घरच्या पीसीत मी मोडेमचं कार्ड पहिल्यांदा बसवलं ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी-शेवटी. स्क्रू आवळला, टेलिफोनची वायर खोचली, डायल केलं. मोडेमनं ती ओळखीची किरकिर केली, पलीकडच्या मोडेमनं उत्तर दिलं, आणि त्याच क्षणी माऊसचा बाण पडद्यावर जागच्या जागी थिजला. मशीन बंद करून चालू केलं की बाण पुन्हा नीट हलायचा. पुन्हा डायल केलं की पुन्हा तेच. मी माऊसच्या पोटातला गोळा काढून पुसला, पॅड बदलला, कनेक्टर घट्ट केला. शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या एका दादाला बोलावलं. त्यानं माऊसला हातही लावला नाही.

"माऊस कॉम एकवर आहे ना रे? आणि मोडेम?"

"कॉम तीन."

"मग दोघं एकाच बेलवर बसलेत."

त्यानं कार्ड बाहेर काढलं, त्यावरचा डाळीच्या दाण्याएवढा जंपर नखानं उपटून शेजारच्या पिनांवर खोचला, कार्ड परत बसवलं. मोडेम कॉम चारवर गेला. बाण हलू लागला. दादा चहा पिऊन गेला, आणि मी त्या 'बेल'चा विचार करत बसलो. डिप्लोमाला शिकलो होतो की हे सगळं! ओरलला उत्तरही दिलं होतं. पण ज्या तारेबद्दल आपण मार्क मिळवले, तीच तार आपल्या टेबलाखाली अडली आहे, हे काही ओळखता आलं नव्हतं.

त्या बेलचं नाव इंटरप्ट, आणि अशा अनेक बेलांतून आधी कोणाची ऐकायची हे ठरवणाऱ्या चिपचं नाव इंटरप्ट कंट्रोलर.

स्वयंपाकघरात दोन प्रकारची भांडी गॅसवर असतात. दुधावर नजर ठेवावी लागते. कुकर शिट्टी देतो. दुधासमोर उभं असलेलं माणूस दुसरं काही करू शकत नाही, कुकर लावलेलं माणूस तेवढ्यात भाजी चिरून घेतं. प्रोसेसरलाही हेच दोन मार्ग असतात. एक तर त्यानं किबोर्डला, डिस्कला, सिरियल पोर्टला पुन्हा पुन्हा विचारत राहायचं, "काही आहे का? काही आहे का?" याला पोलिंग म्हणतात. नाहीतर उपकरणांनीच काम निघालं की शिट्टी द्यायची. प्रोसेसर हातातली सूचना पुरी करतो, कुठे होतो त्याची खूण ठेवतो, शिट्टी देणाऱ्याचं काम उरकतो आणि खुणेपाशी परत येतो.

एकच कुकर असेल तर प्रश्न नाही. पण कुकरची शिट्टी, दारावरची बेल, फोन आणि उतू जायला आलेलं दूध, सगळं एकदम आलं तर? कोणतीही गृहिणी विचार न करता आधी गॅस बंद करते. दूध पाहुण्यापेक्षा मोठं असतं म्हणून ती तसं करत नाही. पाहुणा दारात अर्धा मिनिट थांबू शकतो, दूध थांबू शकत नाही. हार्डवेअरमधल्या प्राधान्याचा सगळा ग्रंथ या एका वाक्यात आहे, आणि तरीही इंजिनिअर मंडळींनी तो वारंवार चुकीचा वाचला आहे. 'हाय प्रायॉरिटी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठेपणा येतो, लाल दिव्याची गाडी येते. प्रोसेसरच्या जगात त्याचा अर्थ एवढाच असतो, की याला उशीर झाला तर काहीतरी कायमचं सांडेल.

महाराष्ट्रात डिप्लोमा किंवा डिग्रीला इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या पिढ्यान् पिढ्या हा विषय इंटेलच्या ८०८५ वर शिकल्या. हेक्स आकड्यांची बटणं, लाल सेव्हन-सेगमेंट डिस्प्ले आणि एक किट तीन जणांत. या प्रोसेसरला इंटरप्टच्या पाच तारा, आणि त्यांचा क्रम पाठ असल्याशिवाय ओरल सुटत नसे: ट्रॅप, आरएसटी ७.५, आरएसटी ६.५, आरएसटी ५.५ आणि शेवटी इंटर. हा क्रम सिलिकॉनमध्येच कोरलेला आहे. आरएसटीच्या तिन्ही तारा आणि इंटर प्रोग्रॅममधून बंद करता येतात. ट्रॅप बंदच करता येत नाही, म्हणून वीज जाण्याची पूर्वसूचना वगैरे गोष्टी तिच्यावर जोडायच्या, असं सर सांगत. आमच्यापैकी प्रत्यक्षात तसं कोणी जोडलं नाही, ते सोडा.

पुढच्या ८०८६ मध्ये इंटेलनं उलट केलं. प्रोसेसरवर इंटरप्टच्या दोनच तारा ठेवल्या, एक बंद करता येणारी आणि एक न येणारी. कोण आधी, कोण नंतर ही कटकट बाहेरच्या एका चिपकडे सोपवली. ती चिप म्हणजे ८२५९ ए. २८ पायांची, दिसायला सुरवंटासारखी. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्यात ८०८८ प्रोसेसरच्या दिमतीला अशी एक चिप होती. तिच्या आठ तारांना शून्य ते सात असे क्रमांक होते, आणि शून्य सर्वात वरचा.

या चिपचं काम जरा जवळून बघण्यासारखं आहे. पोटात आठ-आठ बिटांची तीन रजिस्टरं. एकात, कोणाकोणाची बेल वाजली आहे. दुसऱ्यात, कोणाचं काम सध्या चालू आहे. तिसऱ्यात, कोणाचं ऐकायचंच नाही; याला मास्क म्हणतात. समजा किबोर्डवर कोणी कळ दाबली. किबोर्डची तार क्रमांक १. चिप पहिल्या रजिस्टरात त्या जागी खूण करते, मास्क नाही ना ते बघते, त्याहून वरच्या किंवा त्याच पायरीचं काम चालू नाही ना ते बघते, आणि मगच प्रोसेसरची तार ओढते. प्रोसेसर हातातली सूचना संपवून एक पोच देतो. ही पोच मिळाली की चिप निर्णय पक्का करते: पहिल्या रजिस्टरातली खूण पुसते, दुसऱ्यात करते. प्रोसेसर दुसरी पोच देतो, तेव्हा चिप डेटाच्या तारांवर एक क्रमांक ठेवते. पीसीत किबोर्डसाठी तो ९. प्रोसेसर ९ ला ४ नं गुणतो आणि मेमरीच्या अगदी सुरुवातीला असलेल्या १०२४ बाइटांच्या तक्त्यात त्या जागी जे काही लिहिलं असेल त्या पत्त्यावर उडी मारतो. त्या पत्त्यावर किबोर्डचं काम करणारा छोटा प्रोग्रॅम बसलेला असतो; त्याला सर्व्हिस रूटीन म्हणतात.

यात एक गोष्ट सहज निसटते. खूण एका बिटाची आहे. बेल दोनदा वाजली की तीनदा, हे चिपला सांगता येत नाही. वाजली एवढंच माहीत. पहिल्या पीसीचा टाइमर सेकंदाला सुमारे १८.२ वेळा वाजत असे, म्हणजे दर ५५ मिलिसेकंदांनी एकदा. कोणी प्रोसेसरला त्याहून जास्त वेळ अडकवून ठेवलं, तर दोन ठोक्यांचा एकच ठोका होतो आणि डॉसचं घड्याळ तेवढं मागे पडतं. म्हणून टाइमर शून्य क्रमांकावर. गेलेला ठोका कुठेच साठवलेला नसतो. हा मान त्याला योग्यच मिळाला आहे.

किबोर्डला मिळालेला १ हा क्रमांक मात्र मला कधीच पटला नाही. माणूस कितीही झपाट्यानं टाइप करो, दोन कळांमध्ये प्रोसेसरच्या हिशेबानं युगं जातात. शिवाय बायॉस पंधरा कळा साठवून ठेवते आणि त्यापुढे कळ दाबली तर बीप करून कुरकुरते. म्हणजे किबोर्ड हा थांबू शकणारा पाहुणा. पण तो माणसाच्या हाताशी असतो, कळ दाबून अक्षर उमटलं नाही तर माणूस चिडतो. हा क्रम लावताना तांत्रिक हिशेबाइतकाच ग्राहकाच्या चिडण्याचाही विचार झाला असावा, असा माझा आपला अंदाज.

खरं दूध होतं ते सिरियल पोर्टवर, म्हणजे दादाच्या त्या 'कॉम'वर. त्याच्या तारा ३ आणि ४. त्या काळच्या सिरियल पोर्टच्या ८२५० चिपकडे आलेला बाइट ठेवायला एकाच बाइटाची जागा होती. ९६०० च्या वेगानं एक बाइट साधारण एका मिलिसेकंदात येतो. १,१५,२०० च्या वेगानं ८७ मायक्रोसेकंदांत. तेवढ्या वेळात प्रोसेसरनं आधीचा बाइट उचलला नाही, तर नवा येऊन त्यावर बसतो आणि जुना गेला तो गेलाच. उलट फ्लॉपी ६ वर आणि प्रिंटर ७ वर, आणि ते बरोबरच. फ्लॉपीचा डेटा प्रोसेसरला न विचारता डीएमएमधून सरळ मेमरीत जातो, ती फक्त 'झालं' म्हणायला बेल वाजवते. प्रिंटर तर कागद ओढण्यातच गुंग.

१९८१ चा क्रम असा बऱ्यापैकी शहाणा होता. तो बिघडला १९८४ मध्ये. आयबीएमनं पीसी/एटी काढला तेव्हा आठ तारा पुरेनात. मग दुसरी ८२५९ बसवली आणि तिच्या तोंडातून निघणारी तार पहिल्या चिपच्या २ क्रमांकाच्या खिडकीत जोडली. याला कॅस्केड म्हणतात. एक खिडकी खर्ची पडली, आठ नव्या मिळाल्या, एकूण पंधरा. पण क्रमाचं काय झालं बघा. नव्या चिपच्या ८ ते १५ या साऱ्या तारा पहिल्या चिपच्या २ मधून आत येतात, म्हणजे त्या साऱ्या ३ च्या वर बसल्या. नवा क्रम झाला ०, १, मग ८ ते १५, आणि त्यानंतर ३ ते ७. पीसीच्या धाकट्या भावात, म्हणजे एक्सटीत, ५ क्रमांकावर असलेली हार्ड डिस्क एटीत १४ वर गेली आणि आकड्यानं मागे जाऊन अधिकारानं सिरियल पोर्टच्या पुढे आली. डिस्क थांबू शकते, तिच्या कंट्रोलरला स्वतःची साठवण असते. सिरियल पोर्टकडे एक बाइट. डिस्कनं मान मागितला नव्हता, तार जिथं जोडली तिथं तो मिळाला.

पुढे जलद मोडेम आले आणि फाइल उतरवताना बाइट गळायला लागले. यावर लोकांनी दोन उपाय काढले. काहींनी ८२५९ ची एक विसरलेली सोय वापरली. ही चिप क्रम फिरवू देते: तळाचा कोण ते तिला सांगायचं, त्याच्या पुढचा आपोआप पहिला होतो. सिरियल पोर्टला असं वर आणणारे छोटे प्रोग्रॅम मोडेमवाली मंडळी एकमेकांना देत असत. दुसरा उपाय जास्त टिकाऊ ठरला. १६५५० ए या सिरियल चिपमध्ये १६ बाइटांची रांग दिली. आता दूध मोठ्या पातेल्यात होतं. प्राधान्याचं भांडण रांग मोठी केल्यानं मिटलं, क्रम बदलून नव्हे. मला हा उपाय नेहमी जास्त प्रामाणिक वाटतो.

क्रम फिरवण्याच्या त्या सोयीचं एक रूप आणखी आहे. ज्याचं काम झालं तो आपोआप शेवटी. आपल्याकडे कालव्याच्या पाण्याची पाळी जशी असते तसं. ज्यांनी कालव्याच्या टेलला शेती केली आहे त्यांना ठरावीक प्राधान्याचा दोष समजावून सांगावा लागत नाही. मुखाकडचे आपली तहान भागेपर्यंत पाणी घेतात, टेलला चिखल पोचतो. ठरावीक क्रमाच्या कंट्रोलरमध्ये वरच्या तारा सारख्या वाजत राहिल्या तर खालच्याची बेल वाजूनही कोणी येत नाही. पीसीत मात्र पाळीची पद्धत सहसा कोणी वापरली नाही, कारण टाइमरला पाळी लावून चालत नाही.

आता 'झालं' या शब्दाबद्दल. ८२५९ ला काम संपल्याचं आपणहून कळत नाही. सर्व्हिस रूटीननं जाता जाता २० हेक्स या पोर्टवर २० हेक्स हा आकडा लिहायचा, तेव्हा चिप दुसऱ्या रजिस्टरातली खूण पुसते. नवशिक्या प्रोग्रॅमरकडून ही ओळ विसरतेच. माझ्याकडूनही विसरली आहे. तेव्हा मशीन जे वागतं ते बघण्यासारखं असतं. किबोर्डच्या रूटीनमध्ये ही ओळ राहिली, तर पहिली कळ बरोबर उमटते आणि त्यानंतर किबोर्ड मेला. फ्लॉपी, डिस्क, सिरियल पोर्ट, सगळे मेले, कारण चिपच्या लेखी किबोर्डचं काम अजून चालूच आहे आणि हे सारे त्याच्या खालचे. पण पडद्यावरचं घड्याळ टिकटिक करत पुढे जात राहतं! टाइमर वरचा ना. त्याला कोण अडवणार? आणि ओळ टाइमरच्या रूटीनमध्ये राहिली तर घड्याळासकट सगळंच दगड. नुसतं घड्याळ चालतंय की नाही हे बघून चूक कुठे आहे ते सांगता येतं. वैद्यानं नाडी बघावी तसं.

दुसऱ्या चिपवरचं काम असेल तर 'झालं' दोघांना सांगायचं, आधी धाकटीला आणि मग थोरलीला. एकीला सांगून दुसरीला विसरणं हाही नेहमीचाच घोटाळा.

इथे अजून एक पहारेकरी आहे. इंटरप्ट घेताना ८०८६ च्या घराण्यातला प्रोसेसर स्वतःच आपले कान बंद करून घेतो. कंट्रोलर वरच्या तारेची शिफारस करत राहिला तरी सर्व्हिस रूटीननं कान उघडल्याशिवाय किंवा परत फिरल्याशिवाय काही ऐकू जात नाही. म्हणजे वरच्यानं खालच्याला मध्येच थांबवायचं तर दोघांची परवानगी लागते, कंट्रोलरची आणि प्रोसेसरची. पुस्तकातल्या आकृतीत हा दुसरा पहारेकरी नेहमी बारीक अक्षरात असतो.

आणि भूतही आहे. कधीकधी एखादी तार वर जाते, चिप प्रोसेसरला हाक मारते, आणि पोच येईपर्यंत तार खाली गेलेली असते. विजेच्या गोंगाटानं होतं असं. आता प्रोसेसर दारात येऊन उभा, आणि बाहेर कोणी नाही. क्रमांक तर द्यायलाच हवा. अशा वेळी ८२५९ सातव्या तारेचा क्रमांक देते, जणू प्रिंटरनं बोलावलं. म्हणून सातव्या तारेच्या रूटीननं आधी दुसरं रजिस्टर वाचून खात्री करायची असते, की खरंच सातवा आहे की भूत. भूत असेल तर 'झालं' म्हणायचं नाही. म्हटलं तर दुसऱ्याच कोणाची तरी खूण पुसली जाते. असल्या भुताची नोंद लिनक्स आपल्या लॉगमध्ये इमानेइतबारे करत असे, आणि ती वाचून कित्येकांनी प्रिंटरची केबल विनाकारण बदलली असेल.

बेलवर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न चिपांच्या आधीचा आहे. १९५७ च्या अखेरीस नेदरलँड्समध्ये ब्राम लोपस्ट्रा आणि कारेल स्खोल्टेन इलेक्ट्रोलॉजिका एक्स१ या मशीनची आखणी करत होते. त्यात इंटरप्ट घालायचं त्यांनी ठरवलं. मशीनचं मूळ सॉफ्टवेअर लिहायचं होतं एड्सगर डायक्स्ट्रा यांना, आणि ते घाबरले. बेल कोणत्या सूचनेनंतर वाजेल ते सांगता येत नाही, म्हणजे त्यातून निघालेली चूक पुन्हा तशीच घडवून दाखवता येणार नाही, आणि जी चूक पुन्हा घडवता येत नाही ती शोधायची कशी? त्यांनी हा निर्णय काही महिने अडवून धरला. शेवटी राजी झाले, इंटरप्ट हाताळणारा प्रोग्रॅम लिहिला आणि १९५९ चा त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंधही त्याच विषयावर झाला. त्यांची भीती खोटी नव्हती. माझ्या माऊसचा आजार पुन्हा पुन्हा घडत होता, म्हणून दादाला पाच मिनिटांत सापडला. महिन्यातून एकदाच घडला असता तर मी माऊस बदलला असता, मग मदरबोर्ड, मग नाद सोडला असता.

त्या माऊसचं नक्की काय झालं होतं ते आता सांगता येईल. पीसीच्या रिवाजात कॉम १ आणि कॉम ३ दोघंही चौथ्या तारेवर, कॉम २ आणि कॉम ४ दोघंही तिसऱ्या. जुन्या आयएसए स्लॉटांच्या काळात ८२५९ तारेची पातळी बघत नसे, चढण बघत असे: तार खालून वर गेली तरच बेल. मोडेमनं तार वर धरून ठेवली असताना माऊसनं कितीही धडका मारल्या तरी नवी चढण दिसत नाही. आणि तक्त्यात चौथ्या तारेसाठी पत्ता एकच. मोडेमचा प्रोग्रॅम नंतर आला, त्यानं तिथे स्वतःचा पत्ता लिहिला. माऊसची बेल वाजली तरी दार मोडेमचं माणूस उघडणार.

पीसीआय आल्यावर चढणीऐवजी पातळी बघायची पद्धत आली आणि एका तारेवर अनेकांना बसता येऊ लागलं. तार ओढलेली आहे तोपर्यंत प्रोसेसर त्या तारेवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारतो, "तुझं आहे का?" ज्याचं असेल तो काम करतो. कोणीच हो म्हटलं नाही आणि तार ओढलेलीच राहिली तर? लिनक्सकडे त्याचा हिशेब आहे. एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० हून जास्त बेवारस निघाले, तर तो ती तार बंद करून टाकतो आणि लॉगमध्ये लिहितो, 'नोबडी केअर्ड'. कोणालाच पडलेली नाही. सरकारी खात्यात हा शेरा मारायची सोय असती तर बऱ्याच फायली बंद झाल्या असत्या.

पुढचा इतिहास भरभर सांगतो, कारण त्यात तत्त्व तेच राहिलं आणि आकडे वाढले. प्रोसेसर अनेक झाले, तेव्हा एपिक नावाची व्यवस्था आली: प्रत्येक प्रोसेसरपाशी एक स्थानिक कंट्रोलर, आणि उपकरणांच्या बाजूला एक सामाईक, सहसा २४ तारांचा. कोणाचं काम कोणत्या प्रोसेसरनं करायचं तेही आता ठरवता येतं. नंतर तारच गेली. हल्लीचं उपकरण बेल वाजवत नाही, मेमरीतल्या एका ठरावीक पत्त्यावर आकडा लिहितं आणि तोच इंटरप्ट मानला जातो. या पद्धतीत एकाच कार्डाला २०४८ पर्यंत वेगवेगळे इंटरप्ट मिळू शकतात. पंधरा तारांसाठी भांडलेल्या पिढीला हे ऐकून भरून येतं.

छोट्या मायक्रोकंट्रोलरांत मात्र प्राधान्याचं राज्य अजून अस्सल आहे. आर्मच्या कॉर्टेक्स-एम घराण्यात कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटातच असतो. कॉर्टेक्स-एम३ इंटरप्ट घ्यायला १२ सायकल लावतो. एक काम संपताना दुसरं रांगेत असेल तर रजिस्टरं परत ठेवून पुन्हा उचलण्याचा खटाटोप टाळतो आणि ६ सायकलींत पुढच्या कामाला लागतो. एका पाहुण्याला निरोप देऊन दार न लावताच दुसऱ्याला आत घ्यावं तसं. इथे लहान आकडा म्हणजे मोठं प्राधान्य. रिस्क-व्हीच्या पीएलआयसी कंट्रोलरमध्ये बरोबर उलट: मोठा आकडा मोठा, आणि शून्य म्हणजे कधीच ऐकू नका. एकावरून दुसऱ्यावर गेलेल्या माणसानं पहिल्या दिवशी तोंडावर पडायचं हे ठरलेलंच. कॉर्टेक्स-एममध्ये दुसरी एक गंमत आहे. मशीन चालू होताना उपकरणांच्या सगळ्या इंटरप्टांचं प्राधान्य शून्य, म्हणजे एकजात वरचं असतं. ते कोणी बदललं नाही तर कोणीच कोणाला थांबवू शकत नाही. सगळेच व्हीआयपी असलेल्या लग्नासारखं. पंगत काही लागत नाही.

मोठ्या मशीनवर या प्राधान्याचं काय करायचं यावर दोन घराण्यांचं एकमत नाही. विंडोजनं पायऱ्यांचा मान राखला. वरच्या पायरीचा इंटरप्ट खालच्याला थांबवतो, आणि ६४ बिटांच्या मशीनवर त्या पायऱ्या थेट प्रोसेसरच्या एका रजिस्टरात असतात. लिनक्सनं २०१० च्या सुमारास हा नाद सोडला. ड्रायव्हरचं रूटीन चालू असताना त्या प्रोसेसरवरचे बाकीचे इंटरप्ट बंद, पण रूटीन इतकं आटोपशीर ठेवायचं की कोणाला वाट बघावीच लागू नये. जड काम नंतर, सावकाश. दार उघडा, चिठ्ठी घ्या, दार लावा, चिठ्ठी मग वाचा. माझं मत लिनक्सच्या बाजूनं आहे. पायऱ्या वाढल्या की प्रत्येक ड्रायव्हर लिहिणाऱ्याला आपलीच पायरी वरची हवी असते.

बेलचीही एक हद्द असते, ती नेटवर्कनं दाखवली. १० गिगाबिटच्या जोडणीवर सर्वात लहान पाकिटं आली तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४९ लाख येऊ शकतात, म्हणजे दोन पाकिटांत ६७ नॅनोसेकंदांचं अंतर. प्रत्येकासाठी बेल वाजली तर प्रोसेसर फक्त दार उघडत राहील, घरातलं काम शून्य. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये, १० गिगाबिट दूर असतानाच, ही अवस्था मांडली आणि उपायही दिला. पहिल्या पाकिटाला बेल वाजू द्या. मग बेल बंद करा आणि रांग रिकामी होईपर्यंत स्वतःच विचारत राहा. रांग संपली की बेल पुन्हा चालू. लिनक्सचे नेटवर्क ड्रायव्हर पुढे याच वाटेनं गेले आणि आजही जातात. म्हणजे कुकरच्या शिट्ट्या फारच झाल्या की शिट्टी काढून ठेवायची आणि गॅससमोर उभं राहायचं, दुधासमोर उभं राहतात तसं.

तुमच्याकडे लिनक्सचं साधं इंटेल किंवा एएमडीचं मशीन असेल तर त्याच्या प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्स नावाची फाइल उघडून बघा. १ क्रमांकावर बहुधा अजूनही किबोर्ड असतो आणि ८ वर घड्याळाची चिप. अगदी वरच्या ओळीत शून्य क्रमांकावर टाइमरचं नाव आहे, १९८१ पासून आहे. त्याच्या पुढचा आकडा मात्र एक-दोन अंकांवर अडलेला दिसेल. टाइमरचं खरं काम आता खाली, एलओसी नावाच्या ओळीत, प्रत्येक प्रोसेसरचा स्थानिक कंट्रोलर करतो, आणि तिथला आकडा ती फाइल पुन्हा उघडेपर्यंत वाढलेला असतो.